लपायला मुंबई, आजारपणाला गाव



मागच्या महिन्यात इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीत मंडळाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. विनंती साधी होती. समाजमंदिरात एका संध्याकाळी, फक्त अठरा वर्षांवरच्या माणसांसाठी, एक मराठी सिनेमा दाखवू आणि नंतर तासभर आरोग्यावर बोलू. निर्मात्यांची रीतसर परवानगी मिळवायचं काम आमच्याकडे. सिनेमाचं नाव 'साबर बोंडं'. नाव ऐकून सगळे हसले, कारण माळावरची साबराची बोंडं लहानपणी खाऊन तोंड लाल केलं नाही असा माणूस आपल्या भागात सापडायचा नाही. मग आम्ही विषय सांगितला. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे म्हटल्यावर हसू थांबलं.

एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आमच्या लेकीसारख्या. पण बाबासाहेबांच्या फोटोखाली असले सिनेमे लावायचे? हे मुंबईचं खूळ आहे. आपल्यात असलं काही नाही."

बैठक तिथंच आटोपली. काकांचा आम्हाला राग नाही. आपल्या वस्तीतल्या कितीतरी जणांच्या मनातलं ते उघडपणे बोलले. त्या दिवशी उत्तर द्यायचं राहून गेलं, ते आज या पानावर देतो.

मुंबईत कोण लपतं?

मुंबईत लपूनछपून जगणाऱ्या समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांवर गेली तीस वर्षं छोटे सिनेमे निघत आहेत. थोड्या पैशांत, मित्रमंडळींच्या मदतीनं, कुठल्या तरी संस्थेच्या आधारानं केलेले. आपल्या टॉकीजला ते लागले नाहीत, म्हणून आपल्याला ठाऊक नाहीत.

१९९६ साली रियाद वाडिया यांनी 'बॉमगे' हा जेमतेम बारा मिनिटांचा सिनेमा केला. पुण्याच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे आर. राज राव यांच्या कवितांवर तो बेतलेला होता. त्या काळात दोन पुरुषांचे संबंध हा कलम ३७७ खाली गुन्हा होता आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत होऊ शकत होती. तो सिनेमा थिएटरला लागलाच नाही. महोत्सवांत आणि ओळखीच्या माणसांत तेवढा फिरला.

२००३ साली श्रीधर रंगायन यांनी 'गुलाबी आईना' काढला. बाईचा वेश करून नाचगाणी करणाऱ्या, एकमेकींना टोमणे मारणाऱ्या आणि एकमेकींना जीवही लावणाऱ्या दोघींची ती गोष्ट. सेन्सॉर बोर्डानं प्रमाणपत्र नाकारलं. परदेशातल्या महोत्सवांत तो दाखवला गेला. ज्या शहरातली गोष्ट, तिथल्या टॉकीजला मात्र तो लागू शकला नाही.

२००७ साली रंगायन यांनीच '६८ पेजेस' केला. मुंबईत १९९४ पासून या लोकांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टनं त्याला बळ दिलं. एका समुपदेशक बाईच्या डायरीतून तो उलगडतो. तिच्यासमोर येऊन बसणारी माणसं एचआयव्हीची लागण झालेली आहेत. त्यात समलिंगी पुरुष आहे, तृतीयपंथी बारनर्तिका आहे, धंदा करणारी बाई आहे, सुईनं नशा करणारा तरुण आहे. एका टेबलापलीकडं बसून या सगळ्यांना तेच प्रश्न पडतात. घरी कसं सांगू? कोण हात लावेल मला? समुपदेशन केंद्रात काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला ही माणसं ओळखीची वाटतील.

या सिनेमांबद्दल आमची एक तक्रारही आहे. शहरातल्या लपण्याच्या जागा ते दाखवतात, पण तिथं जमलेली माणसं कुठल्या गावाहून, कुठल्या वस्तीतून आली, हे फारसं विचारत नाहीत. लपण्यातही जात आणि पैसा असतो. पैसेवाल्याला स्वतःचा फ्लॅट मिळतो, दार लावून घेता येतं. आपल्या पोराला दहा बाय दहाच्या खोलीत चौघांबरोबर राहावं लागतं, नाही तर स्टेशन, बाग, सार्वजनिक संडास. पोलिसाच्या हाती आधी कोण लागतं, ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणूनच 'साबर बोंडं' आम्हाला जवळचा वाटला. दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे मुंबईच्या झोपडपट्टीत एका खोलीच्या घरात वाढले. वडील ड्रायव्हर. वडील वारले तेव्हा गावी सुतकाच्या दिवसांत नातेवाइकांनी लग्नाचा धोशा लावला, त्या अनुभवातून ही गोष्ट त्यांना सुचली. सिनेमातला आनंद मुंबईत नोकरी करतो. वडिलांच्या दहा दिवसांसाठी आईबरोबर गावी येतो आणि लहानपणीचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक या मराठी सिनेमाला मिळालं. १९ सप्टेंबर २०२५ ला तो आपल्याकडं प्रदर्शित झाला. आम्ही तिघीजणी एसटीनं पुण्याला जाऊन पाहून आलो. त्यात अंगावर येईल असं काही नाही. एक आई आहे, तिला आपल्या मुलाचं सगळं माहीत आहे आणि ती त्याच्या बाजूनं आहे. सिनेमा संपल्यावर आम्ही तिघी बराच वेळ गप्प होतो. आम्हाला दुसराच एक मुलगा आठवत होता.

आपल्यात असलं काही नाही?

ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही तपशील बदलून सांगतो.

आपल्याच भागातला एक मुलगा. बारावी झाल्यावर मुंबईला गेला. कुरिअरचं काम करायचा. महिन्याला घरी पैसे यायचे, बहिणीचं लग्न त्यानंच लावून दिलं. लग्नाचा विषय निघाला की पुढच्या वर्षी बघू म्हणायचा. वस्तीत त्याचं नाव होतं. मग एक दिवस तो बॅग घेऊन घरी परतला तो तीन महिन्यांचा खोकला आणि हाडांचा सापळा घेऊनच. क्षयरोग निघाला, त्याच्यामागं एचआयव्ही. तपासणी खूप उशिरा झाली होती.

तेव्हा आम्ही वॉर्डात नोकरीला होतो. त्याला भेटायला मुंबईहून चार-पाच जण आले. एकाच्या हातात घरून करून आणलेल्या पेजेचा डबा होता. आम्ही विचारलं, नातं काय? तो म्हणाला, "एकत्र राहतो, ताई." नातेवाइकांशिवाय कुणाला आत सोडता येत नाही असं सांगून आम्ही त्यांना बाहेर उभं केलं. एकाच्या कानात बाळी होती, त्यावरून आम्ही दोघी सिस्टर आडोशाला जाऊन हसलोसुद्धा. डबा आम्ही घेतला, माणसाला परत पाठवलं. या मुलाला शहरात तापात रात्र रात्र उशाशी बसून सांभाळलं ते याच माणसांनी, हे आम्हाला नंतर त्याच्या आईकडून कळलं. तिलाही ते मुलानं शेवटच्या आठवड्यात सांगितलं होतं.

तो वाचला नाही. जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशी ते चौघे पुन्हा आले. सगळ्यात मागं, चपलांच्या जवळ बसले. कुणी विचारलं तर म्हणाले, "रूममेट." बोलायला उठलेल्या प्रत्येकानं मुलगा किती गुणी होता ते सांगितलं. ज्यांना सगळ्यात जास्त माहीत होतं, त्यांना कुणी बोलायला सांगितलं नाही. जेवायच्या आधीच ते एसटी स्टँडकडं निघून गेले.

काका, आपल्यात असलं काही नाही असं म्हणता तेव्हा त्या मुलाचं काय करायचं? तो आपल्यातच जन्मला, आपल्याच विहारात त्रिसरण-पंचशील म्हणायला शिकला. आपण त्याला इथं जागा ठेवली नाही, म्हणून तो मुंबईला गेला. आजारी पडला तेव्हा गावाकडं आला. लपायला मुंबई आणि मरायला गाव, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे.

लपण्यानं आजार वाढतो

हे आरोग्याचं पान आहे, तर आरोग्याचं स्पष्ट बोलू.

समलिंगी असणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी आपल्या आजारांच्या यादीतून ते काढून टाकलं. जो आजारच नाही, त्याला औषध नाही, गंडा नाही, अंगारा नाही. कुणी डॉक्टर 'मुलाला बदलून देतो' म्हणून पैसे मागत असेल तर तो फसवतो आहे. असे उपचार करणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सांगितलं आहे.

एचआयव्ही हा काही समलिंगी लोकांचा रोग नाही. आपल्या देशात बहुतेक लागण स्त्री-पुरुष संबंधातूनच होते. विषाणू जात, धर्म, लिंग बघत नाही. पण लपून जगणाऱ्याला तो जास्त सहज गाठतो. ज्याला घाईघाईनं, अंधारात, भीत भीत भेटावं लागतं, त्याच्या खिशात निरोध नसतो. असला तरी काढायला वेळ नसतो. दुखलं-खुपलं तर तो डॉक्टरला खरं सांगत नाही. गावातल्या दवाखान्यात जात नाही, कारण तिथं केसपेपर काढणारा ओळखीचा असतो. असं करत वर्षं जातात.

खरं तर वेळेवर कळलं तर घाबरण्यासारखं फार काही राहिलेलं नाही. बारामती आणि इंदापूरच्या सरकारी रुग्णालयांत आयसीटीसी केंद्रात तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त ठेवलं जातं. तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि तुमचा अहवाल दुसऱ्याला सांगता येत नाही, असा कायदा २०१७ साली झालेला आहे. एआरटीच्या गोळ्या सरकारकडून २००४ पासून मोफत मिळतात. गोळ्या रोज आणि वेळेवर घेतल्या, रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका खाली आला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. धोका झाल्याची शंका असेल तर ७२ तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं बरं, सरकारी रुग्णालय गाठावं. तिथं लागण टाळण्यासाठी २८ दिवसांचा औषधांचा कोर्स असतो. तीन दिवस निघून गेल्यावर त्याचा उपयोग नाही. एचआयव्हीबद्दल काहीही विचारायचं असेल तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे.

त्या मुलाला यातलं एक जरी वाक्य पाच वर्षं आधी कुणी सांगितलं असतं, तर तो आज असता.

मनाचं आरोग्य तितकंच महत्त्वाचं. रोज खोटं बोलून जगणारा माणूस आतून खचतो. झोप जाते, दारू येते, जीव द्यावासा वाटतो. घरात कुणी असं गप्प गप्प झालं असेल तर रागावू नका, जवळ बसा. टेली-मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

आणि लग्नाचं. "लग्न लावून दिलं की सुधारतो," हे आम्ही वॉर्डात, वस्तीत, सगळीकडं ऐकलं. सुधारत काही नाही, एकाऐवजी दोन आयुष्यं अडकतात. मुलगा बाहेर लपून जगतो, सून घरात रडते, आणि लागण झाली तर तीही तिच्या वाट्याला येते. आपल्या मुलीला कुणी असं फसवलं तर आपण गप्प बसू का? मग दुसऱ्याच्या मुलीला का फसवायचं? कुणी आम्हाला तिसऱ्या शीलाची आठवण करून देतात. आम्ही त्यांना विचारतो, दोन सज्ञान माणसं एकमेकांच्या संमतीनं राहतात, त्यात शील मोडतं, की एका निष्पाप मुलीला सगळं लपवून बोहल्यावर चढवण्यात मोडतं?

बाबासाहेबांच्या फोटोखाली

काकांचा तिसरा मुद्दा आम्हाला सगळ्यात जास्त लागला, म्हणून तो शेवटी घेतला.

र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक चालवत होते. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य हे त्याचे विषय. वाचक पत्रं लिहून न लाजता प्रश्न विचारायचे, कर्वे शास्त्राला धरून उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. ज्या प्रश्नांवरून गदारोळ झाला त्यात समलिंगी संबंधांबद्दलचे प्रश्नही होते. सनातन्यांनी कर्व्यांना वाळीत टाकलं होतं. अशा वेळी त्यांची बाजू मांडायला वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. माणसाला लैंगिक प्रश्न पडतात, त्यांना शास्त्रीय उत्तर देणं ही घाण नव्हे, अशी भूमिका घेऊन ते लढले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण नव्वद वर्षांपूर्वी, जेव्हा या विषयाचं नावही कुणी घेत नव्हतं, तेव्हा आपला बाप त्या कोर्टात उभा होता.

पुढं ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी संवैधानिक नैतिकतेबद्दल सांगितलं. ही नैतिकता माणसात आपोआप येत नाही, ती प्रयत्नानं अंगी बाणवावी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून मोकळं केलं, तेव्हा त्यांनी याच विचाराचा आधार घेतला. बहुसंख्य लोकांना काय आवडतं यावरून कुणाचे हक्क ठरत नाहीत, संविधानावरून ठरतात. आपल्यापेक्षा हे कुणाला जास्त कळणार? गावाच्या आवडीनिवडीवर सोडलं असतं तर आपल्याला अजून पाणवठ्यावर हात लावू दिला नसता.

कायद्याची वाट अजून संपलेली नाही. आपल्या बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये लोकसभेत समलिंगी विवाहाला मान्यता देण्यासाठी खासगी विधेयक मांडलं. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं असा विवाहाचा हक्क द्यायला नकार दिला. तो वाद चालत राहील. पण दवाखान्याच्या दारात "एकत्र राहतो, ताई" म्हणणाऱ्याला आत सोडायला, पुण्यानुमोदनात त्याला पुढं बसवायला, कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.

तेव्हा मंडळाला आमची पुन्हा विनंती आहे. एक संध्याकाळ द्या. लहान मुलं घरी ठेवू. सिनेमा बघू, मग आईबापांनी विचारायचं आणि आम्ही उत्तरं द्यायची. ज्यांना चारचौघांत विचारता येत नाही त्यांनी चिठ्ठीवर लिहून द्यावं, नाव लिहू नये. एखाद्याला सिनेमा आवडला नाही तर त्यानं तसं उठून सांगावं, त्यावरही बोलू. समाजमंदिर मिळालं नाही तर आमच्या घराच्या गच्चीवर पडदा बांधू. पण आम्हाला समाजमंदिरच हवं आहे, कारण त्या मागच्या रांगेत, चपलांजवळ, आजही कुणीतरी बसलेलं असणार. त्यानं मुंबईची गाडी पकडण्याआधी आपलं बोलणं त्याच्या कानावर पडायला हवं.

त्या मुलाची आई आता आमच्याबरोबर वस्त्यांमध्ये येते. फार बोलत नाही. परवा एका घरात मुलाच्या लग्नावरून भांडण चाललं होतं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाई, पोरगं आधी जिवंत ठेव. बाकीचं नंतर बघू."

जयभीम.